दोन ईसा, लाभ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी न्याहारीच्या वेळी, पारोळ्याच्या आमच्या घराच्या ओट्यावर पाच रुपयांच्या पाच पावत्या फाडल्या गेल्या. हजर होते ते असे: पावतीपुस्तक घेऊन आलेले झिपरूभाऊ, पैसे देणारे माझे वडील म्हणजे आबा, आणि दारात चहाची कपबशी घेऊन उभी असलेली मी. बाकी ज्यांच्या नावाने पावत्या फाडल्या, त्यांपैकी आई चुलीपाशी होती, वहिनी आडावर पाणी शेंदत होती आणि दादा कापसाच्या जिनिंगमध्ये कामावर गेला होता. पावत्या पक्षाच्या सभासदत्वाच्या, माणशी एक रुपया. चार दरवर्षीच्या. पाचवी नवी होती आणि तिच्यावर माझं नाव होतं. त्या वर्षी मला एकविसावं पुरं होऊन मतदारयादीत माझं नाव आलं होतं, आणि यादी माझ्याआधी झिपरूभाऊंनी वाचली होती.

कोणता पक्ष ते लिहीत नाही. आमच्या घरात त्याला नुसतं ‘पक्ष’ म्हणत, जसा काही दुसरा नव्हताच. पुढे दुसरे आले, त्यांच्याबद्दलही मला याहून फार वेगळं लिहिता आलं नसतं.

“सुमी आते मोठी व्हयनी,” झिपरूभाऊ बशीत चहा ओतत म्हणाले. “तिनं बी नाव टाकं.”

“माले कोनी इचारं?” मी म्हटलं.

“तुले काय इचारनं? आबाना घरना बठ्ठा पक्षनाच शेतस.”

आबांनी कोपरीच्या खिशातून नाणी काढली आणि झिपरूभाऊंच्या तळहातावर एकेक ठेवली. “लाभ, दोन, तीन, चार, पाच.”

घरात आम्ही अहिराणी बोलत असू. इथे लिहिताना ती थोडी सोपी केली आहे. पण आबांच्या मोजण्यातला तो पहिला शब्द मात्र आहे तसाच ठेवते, कारण या प्रकरणात जे घडलं ते त्या एका शब्दावरून घडलं. आबा बाजार समितीत तोलार होते. ज्वारी, भुईमूग, कपाशी, जे येईल ते मोठ्या काट्यावर तोलायचं आणि मोठ्याने आकडा बोलायचा, म्हणजे विकणारा शेतकरी आणि घेणारा आडत्या दोघांनाही ऐकू जाईल. पहिल्या तोलाला ‘एक’ म्हणत नसत. ‘एक’ म्हणणं म्हणजे माल तिथेच आटला असं समजत. म्हणून पहिला तोल ‘लाभ’, मग दोन, तीन, असं वीसपर्यंत. वीस झाले की एक खडा बाजूला ठेवायचा आणि पुन्हा लाभपासून सुरू. शेवटी सगळं मिळून ईसांत, म्हणजे विसांत, सांगायचं: तीन ईसा नि सात, चार ईसा नि बारा. वीसवर एकच तोल उरला तर: ईस, लाभ. आबांना वाचता येत नव्हतं. प्रौढांच्या वर्गात जाऊन ते स्वतःचं नाव तेवढं लिहायला शिकले होते आणि ते लिहायला त्यांना इतका वेळ लागे की समोरच्याचा चहा पिऊन होई. पण मोजण्यात त्यांची चूक झालेली मी कधी पाहिली नाही. आईच्या परातीतल्या भाकरी, अंगणातल्या गोवऱ्या, बाजारातून आणलेली वांगी, सगळं घरात त्याच सुरात मोजलं जाई. मी अंक शिकले तेव्हा शाळेत बाईंनी “एक” म्हणायला सांगितलं आणि मी “लाभ” म्हटलं, म्हणून अख्खा वर्ग हसला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे न्याहारीला आदल्या दिवशीच्या खापरावरच्या पुरणपोळ्या असत. रात्रभर झाकून ठेवलेली ती पातळ, मऊ पोळी दुधात बुडवून खायची. त्या दिवशी मी ती न खाता पावती वाचत बसले. सभासदाचे नाव, बापाचे नाव, वॉर्ड, रक्कम, आणि खाली ‘मी पक्षाची ध्येयधोरणे वाचली असून मला ती मान्य आहेत.’ मी आबांना विचारलं, ध्येयधोरणं तुम्ही ऐकली आहेत का? ते म्हणाले, “नानानी ऐकी व्हतीन.”

नाना म्हणजे नानासाहेब. बाजार समितीचे अध्यक्ष, आमच्या वॉर्डाचे दोनदा निवडून आलेले नगरसेवक. तोलारांचे परवाने दरवर्षी बाजार समिती नव्याने देई, म्हणजे नाना देत. माणूस वाईट नव्हता. लग्नाकार्याला येई, आजाऱ्याला जीप देई. पण आमच्या गल्लीत नळ आणतो हे त्यांनी दोन्ही निवडणुकांत सांगितलं होतं आणि आई-वहिनी अजून आडावरच होत्या. मी मॅट्रिक होऊन बालवाडीत शिकवत होते, भडगावच्या एका स्थळाशी माझ्या लग्नाचं बोलणं चालू होतं, आणि राजकारणाशी माझा संबंध एवढाच की सकाळच्या सहा कळशांतल्या तीन माझ्या होत्या.

त्या वर्षी नगरपालिकेची निवडणूक आली आणि पक्षाकडे आमच्या वॉर्डासाठी दोन जणांनी उमेदवारी मागितली. एक नाना. दुसरे पुंडलिक कंपाउंडर, ज्यांना सगळे कंपाउंडरभाऊ म्हणत. सरकारी दवाखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले, हडकुळे, सायकलवर फिरणारे. आमच्या गल्लीतल्या जवळपास प्रत्येक मुलाच्या दंडावर त्यांची सुई लागलेली होती. जिल्ह्याच्या कचेरीने ठरवलं की वॉर्डातल्या सभासदांनीच चिठ्ठ्या टाकून निवडावं. त्यासाठी नाशिककडचे एक निरीक्षक आले. रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली. प्रत्येकाला पतंगी कागदाच्या दोन चिठ्ठ्या मिळायच्या, पांढरी नानांची आणि गुलाबी कंपाउंडरभाऊंची. हवी ती डब्यात टाकायची, नको ती पोत्यात. वाचता न येणाऱ्यांचीही सोय. मोजणी कोणी करायची, यावर एका मिनिटाचाही वाद झाला नाही. दोन्ही बाजूंनी आबांचं नाव घेतलं.

मी आबांबरोबर गेले, कारण माझी पावती माझ्याकडे होती. हॉलमध्ये पुरुषच होते आणि प्रत्येकाच्या हातात घरातल्या बायकांच्या पावत्यांची गड्डी होती. झिपरूभाऊ दारातच म्हणाले, “सुमी, तू कशाले उनी? तुनी चिठ्ठी आबा टाकतीन ना.”

“पावती मना नावनी शे ना? मंग चिठ्ठी मी टाकसू.”

“ऐका! आबा, पोरले भडगाववाला घर सांभाळाले लई जाई ऱ्हायनात का भाषण कराले?”

लोक हसले. पण टेबलामागे बसलेल्या निरीक्षकांनी मान वर केली आणि विचारलं, “बायकांच्या चिठ्ठ्या कोण टाकणार आहे?” पुरुषांनी हातातल्या गड्ड्या वर केल्या. ते म्हणाले, “ज्याची पावती त्यानेच चिठ्ठी टाकायची. नियम आहे तसा. बोलवा त्यांना.” मग अर्धा तास गल्ल्यांमधून बोलावणी गेली. बायका आल्या त्या हाताला पीठ, पदराला पाणी, एकीच्या कडेवर अंगठा चोखणारं पोर, अशा. आई आली ती वैतागूनच, “भरीतले वांगा चुल्हावर शेतस मना,” असं म्हणत. तरी ती डब्यापाशी जरा जास्तच वेळ थांबली. मी गुलाबी चिठ्ठी टाकली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं मत. कंपाउंडरभाऊ फार थोर वाटले म्हणून नव्हे. सहापैकी तीन कळशा माझ्या होत्या म्हणून.

आबांनी आधी पांढऱ्या मोजल्या. त्यांचा बाजारातला खणखणीत आवाज हॉलमध्ये फिरत होता. लाभ, दोन, तीन. एक खडा. लाभ, दोन, तीन. दुसरा खडा. “पांढऱ्या, दोन ईसा.” मग गुलाबी. एक खडा, दुसरा खडा, आणि त्यांच्या हातात एक चिठ्ठी उरली. ती त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. “गुलाबी, दोन ईसा, लाभ!”

निरीक्षकांनी कागदावर लिहिलं, कागदाची घडी घातली, निकाल जिल्ह्याहून जाहीर होईल असं सांगितलं आणि जळगावची गाडी पकडायला गेले. लोक कंपाउंडरभाऊंच्या पाठीवर थाप मारत बाहेर पडले. नाना जीपमध्ये बसले. आबा घरी आले आणि भरीत-भाकरी खाताना म्हणाले, “नाना एक चिठ्ठीवरी गया.” त्यांचा चेहरा उतरला होता. त्यावरून मला कळलं की त्यांची स्वतःची चिठ्ठी पांढरी होती.

तीन दिवसांनी पक्षाचं पत्र आलं आणि शाळेच्या भिंतीवर लागलं. ‘दोन्ही इच्छुकांस समसमान, प्रत्येकी ४० मते पडल्याने जिल्हा समितीने अनुभवाचा विचार करून नानासाहेबांची उमेदवारी निश्चित केली आहे.’ त्या संध्याकाळी आबा बाजारातून लवकर परतले. तोलताना एक शेतकरी त्यांना म्हणाला होता, “आबा, आज बी कोन्हा साठे मोजी ऱ्हायनात?” दुसऱ्याने, जो वीस वर्षं डोळे झाकून आपली पोती त्यांच्या काट्यावर टाकत होता, पोत्याचं वजन दुसऱ्या काट्यावर पुन्हा करून घेतलं. आबांनी हॉलमध्ये एक आकडा बोलून मागून नानांसाठी दुसरा लिहवला, माप मारलं, असं बाजारात बोललं जात होतं. आमच्या घरात तोलारीशिवाय दुसरी कमाई म्हणजे दादाचा जिनिंगमधला पगार. पण आबा त्या दिवशी जेवले नाहीत ते पैशासाठी नव्हतं.

दादा म्हणाला, सरळ आहे, नानांनी जळगावला सांगून आकडा फिरवला. मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोवऱ्यावाली आली. आबांनी अंगणात गोवऱ्या मोजून घेतल्या आणि आईला हाक दिली, “ईस, लाभ!” आईने आतून एकवीस गोवऱ्यांचे पैसे आणून दिले. मी केर काढत होते, ती झाडू हातात धरून थांबले. नाशिककडच्या माणसाने हे ऐकलं तर तो काय लिहील? तो वीस लिहील. ‘लाभ’ त्याला शेवटचा शुभशब्द वाटेल, आरतीनंतर जयजयकार करतात तसा.

मी आबांना सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग ओट्यावर बसले आणि पहिल्यांदा हसले. “म्हणजे कोन्ही लबाडी नही करी. चूक शे. चूक तं दुरुस्त व्हस.” त्यांना नुसतं सुटल्यासारखं वाटलं होतं. पक्ष लबाड नव्हता, नाना लबाड नव्हते, त्यांची मोजणी खरी होती. फक्त जळगावला जाऊन एक शब्द समजावून सांगायचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटी स्टँडवर गेलो. आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला होता. आबा पाण्याचा तांब्या भरायला गेले तेवढ्यात सायकलवरून कंपाउंडरभाऊ आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी माझ्या हातात चार तिकिटांचे पैसे ठेवले, जाण्याची दोन, येण्याची दोन, प्रत्येकी दोन रुपये चाळीस पैसे. “माझ्याच कामाला जाताय, पोरी. तेवढं तरी मला करू दे,” असं म्हणाले आणि गाडी लागली म्हणून मीही फार न बोलता घेतले. मला तेव्हा तो चांगुलपणा वाटला. आजही मला वाटतं की तो चांगुलपणाच होता. पण घेतले ही माझी चूक होती.

एरंडोल मागे पडल्यावर मी आबांना सांगितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. मान वळवून म्हणाले, “आपुन त्याना कामले नही जाई ऱ्हायनूत.”

“मंग कोन्हा कामले?”

ते म्हणाले, “काट्याना.”

पक्षाची कचेरी जळगावच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. लाकडी जिना, गादी-तक्के, भिंतीवर हार घातलेले फोटो, खालून येणारा तळलेल्या शेवेचा वास. तिथे जिल्ह्याचे चिटणीस होते आणि सुदैवाने निरीक्षकही. आबांनी टोपी नीट केली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. निरीक्षक ऐकता ऐकता पुढे झुकले. “लाभ म्हणजे एक? अरेच्चा! मला वाटलं, शेवटी शुभ म्हणून म्हणतात!” ते मनापासून हसले. त्यांनी कपाटातून तो कागद काढला, चाळीसच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “माझी चूक. एक्क्याऐंशी चिठ्ठ्या दिल्या होत्या, बेरीज ऐंशी होती. एक बाद झाली असेल असं मी धरून चाललो.” हा माणूस मला अजून आठवतो. चूक कबूल करायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

चिटणीस हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, “पारोळ्याहून आलात. तिकिटं कोणी काढली?”

मला खोटं बोलता आलं असतं. आबांकडे बघितलं, ते माझ्याकडे बघत नव्हते. मी म्हटलं, “कंपाउंडरभाऊंनी पैसे दिले.”

“असं.” त्यांनी निरीक्षकांकडे पाहिलं. “म्हणजे कंपाउंडरांनी माणसं पाठवली.” आणि निरीक्षक, जे आत्ताच मोकळेपणाने हसत होते, ते कागदाची घडी घालायला लागले. त्या क्षणी आमच्या शब्दाचं वजन गेलं, आणि ते चार तिकिटांच्या भावात गेलं. हे मी आज लिहिताना मांडून बघते. तेव्हा फक्त कान तापले होते.

“बाबा, तुम्ही पक्षाचे ना?” चिटणीसांनी आवाज मऊ केला.

“शे ना. ईस वरीसनी पावती शे.”

“मग समजून घ्या. चूक झाली असेलही. पण नाव वर गेलं. आता एका मतासाठी सगळं फिरवलं तर लोक काय म्हणतील? पक्षाची शोभा होईल. तुम्ही मोजणी केलीत, तर या कागदावर खाली सही करा. चाळीस, चाळीस. विषय संपला.” त्यांनी कागद आणि पेन पुढे सरकवलं. मग सहज आठवल्यासारखं म्हणाले, “तोलारीचा परवाना दसऱ्याच्या सुमाराला नवा होतो ना तुमचा?”

आबांनी पेन हातात घेतलं. मला वाटलं ते सही करणार. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि ते कागदावर आडवं ठेवलं.

“साहेब, मनी चिठ्ठी नानालेच व्हती. आजबी इचारशात तं नानालेच देसू. पन एक्केचाळीसना चाळीस मी करणार नही.”

खाली उतरल्यावर आम्ही मेहरूणच्या तलावापर्यंत चालत गेलो, कारण परतीच्या गाडीला वेळ होता. काठावर बसून भाकरी खाल्ली. मी रडत होते, तिकिटांसाठी. आबांनी ठेच्याचा अर्धा भाग माझ्याकडे सरकवला. म्हणाले, “तू खरं सांगी दिनं, ते बराबर करं.” आणि थोड्या वेळाने, “पैसा मातर त्याना त्याले दी टाकू.” त्यांनी मला मी कोणती चिठ्ठी टाकली हे तेव्हा विचारलं नाही, पुढेही कधी विचारलं नाही. आता मी त्याच तलावापासून दहा मिनिटांवर राहते. फिरायला जाते तेव्हा बसायला तीच बाजू निवडते, पण मुद्दाम नाही, तिथे सावली असते.

परत आल्यावर आबा नऊ रुपये साठ पैसे घेऊन कंपाउंडरभाऊंकडे गेले. त्यांनी हसून हात मागे घेतला. “आबा, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलं, आणि मी हे घेऊ?” आबांनी समजावून पाहिलं की तुमच्यासाठी काही केलेलं नाही. ते त्यांना पटलं नाही किंवा कळलं नाही. आबांनी पैसे परत आणून एका रिकाम्या तपकिरीच्या डबीत घातले आणि डबी कोनाड्यात ठेवली. दसरा आला. परवाना नवा झाला नाही. अर्ज विचाराधीन आहे, असं बाजार समितीत सांगत. आबा एका लाकडाच्या वखारीत जळण तोलायला लागले. तिथे मोठ्याने आकडा बोलायची गरज नसे. त्या हिवाळ्यात आमच्याकडे तेल जपून वापरलं गेलं आणि माझं लग्न उन्हाळ्यापर्यंत लांबलं. एवढ्या अडचणीतही त्या डबीला कोणी हात लावला नाही. आईने एकदा मीठ आणायला म्हणून झाकण उघडलं आणि परत लावलं.

निवडणुकीत नाना पक्षाचे उमेदवार होते आणि कंपाउंडरभाऊ अपक्ष. झिपरूभाऊ ओट्यावर येऊन म्हणाले, “आबा, झालं गेलं सोडा. तुमना घरनी पाच मतं धरू ना?”

“पाच कसा? मी एकच मोजसू. बाकीना ज्यानं त्यानं मोजतीन.”

दादाला वाटलं आबा आता कंपाउंडरभाऊंचं काम करणार. तसं त्याने विचारलंही. आबा म्हणाले, मोजणी त्याची होती, ती त्याला मिळायला हवी होती. मत त्याचं नव्हे. ते त्याला द्यायचं की नाही हे मी बघेन. त्यांनी मत कोणाला दिलं ते आम्हाला माहीत नाही. आमच्या घरातून मतदानाला पाच माणसं पाच वेगवेगळ्या वेळी गेली, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. वहिनी जाताना आरशासमोर दोनदा कुंकू नीट करून गेली. आजही मतदानाच्या दिवशी मी घरातल्यांच्या आधी किंवा नंतर, पण एकटीच जाते. मुलं हसतात. हसू देत.

कंपाउंडरभाऊ निवडून आले. त्यानंतर काही दिवसांनी नाना स्वतः वखारीत आले. तिथे मी आबांचा डबा घेऊन गेले होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

“आबा, चिठ्ठी तू मलाच टाकली होतीस, हे मला चिटणीसांनी सांगितलं. मग भांडलास कशाला?”

“मत तुमनं व्हतं, नाना. मोजणी तुमनी नही व्हती.”

नाना लाकडाच्या ओंडक्यावर बसले. त्यांनी काट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “माझी दोनशे पोती शेंग येतेय पुढच्या आठवड्यात. नवीन तोलारावर माझा विश्वास नाही. परवाना घेऊन जा.” हे म्हणताना त्यांना स्वतःलाच हसू आलं. आबा हसले नाहीत, पण परवाना घेतला. पहिल्या दिवशी बाजारातून त्यांचा “लाभ” ऐकू आला, तेव्हा आई घरी भाकरी थापता थापता थांबली, आणि मग तिने भाकरी जरा जास्तच मोठी केली.

वर्ष फिरून पोळा आला. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या होत्या. आमच्या गल्लीत नळ आला, अगदी दारासमोर. आणि कंपाउंडरभाऊ पक्षात परत गेले. पक्षाच्या नगराध्यक्षांच्या सहीशिवाय नळ मंजूर होत नव्हता, असं त्यांचं म्हणणं. ते खरं असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलची घंटा वाजली. पावतीपुस्तक घेऊन या वेळी ते स्वतः आले होते, झिपरूभाऊ मागे उभे. मी लग्न होऊन भडगावला गेले होते, पण पोळ्याला माहेरी आले होते. माझं नाव अजून पारोळ्याच्या यादीत होतं.

पावत्या आधीच लिहून आणल्या होत्या. पाच.

“कंपाउंडरभाऊ, पाच कोनी सांगं?” आबांनी विचारलं.

“आबा, तुमचं घर तर आपलंच. तुम्ही माझ्यासाठी जळगावला गेलात, हे मी विसरलेलो नाही.”

आबा आत गेले आणि कोनाड्यातली डबी घेऊन आले. ओट्यावर त्यांनी ती उपडी केली. “मोजा.”

“आता हे काय, आबा?”

“जळगावना तिकीटना पैसा. मोजा. मोठ्याने.”

कंपाउंडरभाऊंनी आमच्याकडे पाहिलं, मग नाण्यांकडे. या वेळी त्यांचा हात मागे गेला नाही. त्यांनी नाणी एकेक करून सरकवली. आकडा मात्र ते मनात मोजत होते, तेव्हा आबांनीच मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. लाभ, दोन, तीन. नऊ रुपये आणि वर साठ पैसे. बरोबर होते.

मी माझ्या नावाची पावती मागून घेतली आणि त्यांच्याच पेनने तिच्यावर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहिलं. आबांचा हात खिशाकडे जाईना हे पाहून दादाची, वहिनीची आणि आबांची पावती कंपाउंडरभाऊंनी स्वतःच पुस्तकात मुडपली. तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली, नळाच्या पाण्याने ओले झालेले हात, आणि कमरेची पिशवी सोडून तिने एक रुपया काढला.

“माले पाणी भेटनं,” ती म्हणाली. “मना नावनी राहू द्या. पुढला साले पाणी ऱ्हायनं तं पुढला साले देसू.”

आबांनी सरकून तिला ओट्यावर जागा करून दिली.

त्या दिवशी आमच्या ओट्यावर कंपाउंडरभाऊंना दिलेली एकूण रक्कम दहा रुपये साठ पैसे. पैकी नऊ रुपये साठ पैसे आबांनी दिले, तिकिटांचे. एक रुपया आईने दिला, पक्षाला, आणि त्याची पावती तिने स्वतःच्या हाताने घेतली.